वैशाखातील फुलबाग आणि जयणा

चैत्रातील कोवळी पालवी गडद होऊ लागते, रस्त्याकडेचा बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो, आणि गच्चीच्या फरशीवर सकाळी दहानंतर अनवाणी पाऊल ठेवणे अशक्य होते. वर्षातील नेमक्या याच दिवसांत मोगरा भरात येतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि त्यावर गच्ची अशी मांडणी असलेल्या पेठेतील घरांत फुलबाग म्हणजे बहुधा कठड्यालगत ओळीने ठेवलेल्या पंधरा-वीस कुंड्या. त्यांत मोगरा, जाई-जुई, गुलाब, तगर, सदाफुली, एखादा सोनचाफा, क्वचित अनंत. या बागेची देखभाल घरातील आजी किंवा सूनबाई करीत असते. मात्र वैशाख हाच लग्नसराईचा महिना. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, घरी पाहुणे, मुलांना सुटी. बागेकडे निवांत पाहण्यास कोणाला सवड नसते. जी काळजी घ्यावयाची ती धावपळीत घेतली जाते. दुपारी पाने मलूल दिसली की बादलीभर पाणी, फुले कमी आली की ओंजळभर खत, आणि शेंड्यावर किडे दिसले की औषधाचा फवारा.

यांपैकी तिसरी गोष्ट जैन कुटुंबात सहजासहजी घडू नये. कुंडी भरताना माती हलवावी लागते, झाडाला पाणी घालावे लागते, सुकलेली फांदी कापावी लागते. पृथ्वी, जल आणि वनस्पती यांतही जीव मानणाऱ्या परंपरेत या क्रियाही निर्दोष ठरत नाहीत. गृहस्थाश्रमात टाळता न येणारी ती आरंभी हिंसा होय, आणि तिचे प्रमाण कमीत कमी राहील अशी खबरदारी श्रावकाने घ्यावयाची असते. कीटकनाशकाचा फवारा मात्र मारण्याच्याच हेतूने हाती घेतला जातो. हा फरक लहान नाही. खाण्यापिण्यात सूक्ष्म जीवांचा विचार करणाऱ्या घरात, गच्चीवर एका सकाळी शेकडो जीव जाणूनबुजून मारले जातात आणि त्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

फवारा वापरू नये म्हणून झाडे किडीच्या स्वाधीन करावीत काय? तसे करण्याची गरज नाही. वैशाखात बागेवर पडणारी बहुतेक कीड आधीच्या घाईगर्दीतून आलेली असते. ज्याला कोणी जयणा म्हणतात, कोणी यत्नाचार म्हणतात, ते सावधपण पाणी आणि खत यांच्या बाबतीत पाळले, तर फवाऱ्याची वेळ क्वचितच येते.

प्रथम पाण्याचा विचार करू जाता, दुपारी झाड मान टाकते ते प्रत्येक वेळी तहानेने नव्हे, हे जाणून घेतले पाहिजे. कडक उन्हात पानांतून जितके पाणी उडून जाते तितके मुळांना त्याच वेगाने ओढून घेता येत नाही. अशा वेळी पाने खाली झुकतात, त्यांवर पडणारे ऊन कमी होते, आणि सूर्य कलला की ती पुन्हा ताठ होतात. माती ओली असतानाही हे घडते. अशा झाडाला दुपारी आणखी पाणी घातले तर मातीतील हवा कोंडते आणि मुळे कुजू लागतात. मुळे कुजलेले झाडही मान टाकते, म्हणून त्याला पुन्हा पाणी मिळते. उन्हाळ्यात मेलेल्या कित्येक कुंड्यांचा अंत तहानेपेक्षा या अतिदक्षतेने झालेला असतो. झाडाची खरी तहान सकाळी कळते. रात्रभराच्या गारव्यानंतरही पाने लोंबलेली असतील तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. शंका असल्यास बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या वेळी पाणी देऊ नये.

पाणी देण्याची वेळ सूर्य वर येण्यापूर्वीची असावी. ते थोडे थोडे वरवर न शिंपडता, कुंडीच्या तळच्या छिद्रातून थेंब ठिबकेपर्यंत सावकाश द्यावे. नुसती वरची माती भिजत राहिली तर मुळेही वरच्याच थरात राहतात आणि उन्हात होरपळतात. मातीवर दोन बोटे जाडीचा वाळल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर पसरला, तर ओल बराच काळ टिकते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि पिशव्या पश्चिमेच्या उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळे अक्षरशः शिजतात. अशी कुंडी एखाद्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या जागेत पालापाचोळा भरावा. मातीची कुंडी लवकर सुकते हे खरे, परंतु तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत असल्याने माठातील पाण्याप्रमाणे आतील मुळेही थंड राहतात.

पाणी कोणते द्यावे हाही प्रश्न उन्हाळ्यात महत्त्वाचा ठरतो, कारण अनेक गावांत याच दिवसांत नळाचे पाणी दिवसाआड होते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्याच दिवशी झाडांना घालता येते. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मोगरा किंवा अनंत यांना ते उत्तम मानवते. याउलट पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यास वापरावे, कुंड्यांना रोज घालू नये. कूपनलिकेच्या जड पाण्यानेही अनंताची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळदा याला खताची उणीव समजून खत वाढविले जाते. वास्तविक मातीत लोह असूनही क्षारांमुळे ते मुळांना घेता येत नसते. पाणी बदलले आणि मूठभर कुजलेले पानखत दिले की नवी पाने हिरवी येतात.

खताच्या बाबतीत वैशाखाचा नियम सोपा आहे. जोरकस खत देऊ नये. नत्र अधिक असलेले रासायनिक खत दिले की शेंडे भराभर वाढतात, परंतु ते लुसलुशीत आणि रसाळ असतात, आणि मावा नेमका अशाच शेंड्यांवर येतो. म्हणजे ज्या किडीसाठी पुढे औषध आणले जाते, तिला आमंत्रण बहुधा खतानेच गेलेले असते. महिन्यातून एकदा कुंडीमागे एक-दोन मुठी चांगले कुजलेले कंपोस्ट पुरेसे होते. ते मातीत मिसळून लगेच पाणी द्यावे.

जैन घरांनी खताच्या पिशवीवरील मजकूर वाचणे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. गुलाबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत हाडांचा चुरा असतो आणि तो ‘बोनमील’ या नावाने लिहिलेला असतो. काही मिश्रणांत वाळविलेल्या रक्ताची भुकटी असते, आणि काही द्रवखते मासळीपासून बनविलेली असतात. पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहिलेले असले म्हणजे ते शाकाहारी असते असे नाही. या वस्तूंवाचून बागेचे काही अडत नाही. स्फुरदासाठी कुजलेले कंपोस्ट आणि रॉक फॉस्फेट, पालाशासाठी चिमूटभर लाकडाची राख, नत्रासाठी मोहरीची किंवा निंबोळीची पेंड एवढ्यावर गुलाब उत्तम फुलतो. पेंड मात्र उन्हाळ्यात कमी वापरावी. ओलसर पेंड मातीवर उघडी राहिली की मुंग्या येतात, आणि मग त्यांच्यापायी मातीची पुन्हा उलथापालथ करावी लागते.

एवढी दक्षता घेऊनही काही किडे येणारच. त्यांच्याकडे नीट पाहिल्यास पुढची कृती बहुधा सौम्यच ठरते. गुलाबाच्या कळीखाली हिरवट मावा दिसतो, तेव्हा त्याच फांदीवरून मुंग्यांची रांग चढताना आढळते. मावा गोड चिकट रस सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि माव्याला खाणाऱ्या कीटकांना पिटाळून लावतात. म्हणून फांदी भिंतीला, कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली असेल तर ती मोकळी करावी. मुंग्यांचा पूल तुटतो. त्यानंतर पहाटे शेंड्यावर पाण्याची हलकी धार सलग तीन-चार दिवस सोडावी. मावा झाडावरून खाली पडतो आणि पुन्हा वर चढणे त्याला सहसा साधत नाही. या अवधीत लाल पाठीवर काळे ठिपके असलेले इवलेसे भुंगेरे झाडावर येऊ लागतात. ते आणि त्यांच्या करड्या, काटेरी दिसणाऱ्या अळ्या मावा खातात. तो निसर्गाचा व्यवहार आहे, त्यात गृहस्थाच्या हाताला काही करावे लागत नाही. दुर्दैवाने या अळीलाच पुष्कळ जण नवी कीड समजतात.

पानांवर फिकट ठिपके, पानामागे बारीक जाळी आणि त्यात सुईच्या टोकाएवढे तांबूस जीव दिसले, तर तो लाल कोळी होय. तो कोरड्या आणि तापलेल्या हवेत वाढतो. कुंड्या एकमेकींजवळ आणून सकाळी पानांची मागची बाजू पाण्याने धुतली, की त्याला मानवणारी कोरडी हवा उरत नाही. सर्वसाधारण कीटकनाशक फवारले तर उलट परिणाम होण्याचा संभव असतो. कोळ्याला खाणारे कीटक मरतात आणि कोळी अधिकच फोफावतो. जास्वंदीवर किंवा तगरीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती डहाळी तेवढी कापून, घरापासून दूर, झाडोऱ्यात अलगद ठेवून द्यावी. सुरुवातीला एक डहाळी कापून जे काम होते, ते महिनाभर दुर्लक्ष झाल्यावर सारे झाड कापूनही होत नाही.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती फुलपाखराची असते. पुढे ती हिरवीगार होते, चार पाने खाते आणि कोषात जाते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमनही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते. झाड मोठे असेल तर तिच्या वाट्याची पाने तिला खुशाल खाऊ द्यावीत. जाई-जुईच्या दाट वेलीत बुलबुलाचे घरटे असू शकते, म्हणून कात्री लावण्यापूर्वी वेल आतून पाहून घ्यावा. अंडी दिसल्यास छाटणी साधारण चार आठवडे पुढे ढकलावी. तेवढ्यात पिले उडून जातात. फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे लटकत असेल तर ते फुलोरी मधमाशीचे असण्याची शक्यता अधिक. ही माशी लहान असते, डिवचल्याखेरीज सहसा अंगावर येत नाही, आणि ऋतू पालटला की पोळे सोडून आपणहून निघून जाते. तिच्यासाठी धूर किंवा फवारा करण्याचे कारण नाही. लहान मुलांना मात्र त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नये.

तरीही कोणी दुकानातून औषधाची बाटली आणलीच, तर तिच्यावरील चौकोन पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाला असावी. भारतात कीटकनाशकांच्या वेष्टनावर टोकावर उभा असलेला चौकोन छापणे 1971 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडा रंग असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य विषारी असते. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज करून घेऊ नये. तोही विषाचाच एक दर्जा आहे. काही औषधे पानावर न राहता झाडाच्या रसात भिनतात. घरगुती गुलाबांवर अनेकदा वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्यांपैकीच आहे. ते मकरंदात आणि परागातही उतरते, म्हणून किडीबरोबर मधमाशीलाही बाधते. युरोपीय संघाने मधमाश्यांच्या रक्षणासाठी त्याच्या उघड्यावरील वापरावर 2018 साली बंदी घातली. ज्या मोगऱ्याची फुले सायंकाळी केसांत माळावयाची, नातवंडांच्या ओंजळीत द्यावयाची, त्या झाडात असे द्रव्य भिनवावे काय, याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांनी द्यावे.

निंबोळी तेलालाही पूर्ण निरुपद्रवी म्हणता येत नाही. त्याने किड्यांचे खाणे आणि वाढणे खुंटते. ज्यांना तेही नको असेल त्यांना पाणी, कात्री आणि संयम एवढ्यावर घरगुती बाग राखता येते. ज्यांना ते वापरावयाचे असेल त्यांनी उघड्या फुलांवर आणि भर उन्हात ते फवारू नये. मधमाश्यांना त्रास होतो आणि तेलाने पानेही करपतात.

एका हिंसेला मात्र गृहस्थ स्वतःच जन्म देतो. कुंड्यांखालील ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डासांची अंडी पडली, तर उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. मग त्या डासांसाठी वड्या, द्रव आणि फवारे घरात येतात. ताटली दर दोन-तीन दिवसांनी कोरडी केली, तर जीव जन्मालाही येत नाही आणि मारावाही लागत नाही. जयणेचा अर्थ समजावून देण्यासाठी मुलांना याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. हे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

सुटीत कुटुंब गावी किंवा यात्रेस निघते, तेव्हा बागेची व्यवस्था आदल्या दिवशी न करता चार दिवस आधीपासून करावी. सर्व कुंड्या कठड्यावरून काढून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत दाटीने मांडाव्यात. उमललेली फुले आणि मोठ्या कळ्या काढून घ्याव्यात, म्हणजे झाडाचा पाण्याचा खर्च कमी होतो. मध्यभागी उंचवट्यावर पाण्याची बादली ठेवून जाड सुती दोरीचे एक टोक तिच्यात बुडवावे आणि दुसरे टोक कुंडीत दोन इंच खोल पुरावे. दिव्याची वात तेल ओढते त्याप्रमाणे दोरी पाणी ओढते. लहान कुंड्यांची आठवडाभराची सोय अशा रीतीने होते. बादलीवर पाणी गाळण्याचे जुने वस्त्र बांधून टाकावे, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत आणि कीटक बुडून मरणार नाहीत. घर सोडण्यापूर्वी दोन दिवस हा प्रयोग करून पाहावा. पंधरवड्याहून अधिक काळ जावयाचे असेल तर शेजाऱ्यांना विनंती करणेच बरे. त्यांना कोणत्या कुंडीला किती तांबे पाणी द्यावयाचे ते कागदावर लिहून द्यावे. नुसते ‘झाडांकडे लक्ष ठेवा’ असे सांगितल्यास ते भीतीपोटी दुप्पट पाणी घालतात.

आता फुलांविषयी थोडेसे. मोगऱ्याची कळी टपोरी, शुभ्र आणि घट्ट झाली की ती त्याच सायंकाळी उमलते. एक बहर ओसरला की त्या फांद्यांचे शेंडे दोन-तीन पानांइतके खुडावेत. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून पुढचा बहर यातून मिळतो. त्याला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवेच. पाने दाट आणि कळ्या नाहीत अशी तक्रार असेल तर बहुधा सावली किंवा खत जास्त झालेले असते. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात करावी. वैशाखात फक्त सुकलेली फुले काढावीत आणि दुपारनंतरच्या उन्हाला जुन्या सुती साडीचा आडोसा करावा. देवपूजेत ताजी फुले वाहावीत की नाही, याविषयी जैन परंपरांत भेद आहे आणि ज्याने त्याने आपली परंपरा पाळावी. फुले तोडावयाची असतील तेथे गरजेपुरतीच तोडावीत आणि तोडण्यापूर्वी प्रत्येक फूल हलकेच झटकून पाहावे. पाकळ्यांच्या आत एखादा जीव हमखास विसावलेला असतो.

मे महिना सरत आला की पावसाची पूर्वतयारी सुरू करावी. कुंड्यांच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत, ताटल्या काढून ठेवाव्यात, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून घ्याव्यात. मृगाच्या सरी पडल्या की तेरड्याचे बी टाकावे. पर्युषणाच्या सुमारास तो फुललेला असेल. झेंडूला बी टाकल्यापासून फुलापर्यंत सुमारे दोन महिने लागतात, हे ध्यानी ठेवून दसऱ्यासाठी जुलैत पेरणी करावी.

शेवटची सूचना रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीविषयी. थंडीत पाने झडून गेलेली एखादी कुंडी कोपऱ्यात पडून असते, आणि आवराआवरीत तिची माती दुसरीकडे ओतली जाते. ती ओतण्यापूर्वी आत हात घालून पाहावे. मे महिन्यात फुलणाऱ्या लाल, चेंडूसारख्या लिलीचा कंद कित्येक महिने मातीखाली निपचित असतो. या दिवसांत त्याला मोजके पाणी मिळाले की पानांच्या आधी किंवा पानांबरोबरच त्याचा दांडा वर येतो. कंद घट्ट लागला तर तो जिवंत आहे असे समजून कुंडी जागच्या जागी राहू द्यावी.